अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शन: साताऱ्याकडच्या स्पोर्ट्स कारवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सातारा, वाई, कराड पट्ट्यातल्या गाडीवाल्यांचे कॉइलओव्हरबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. ‘गाडी किती खाली बसेल?’ हे प्रत्येक जण विचारतो. ‘चाकाला वर-खाली हलायला किती जागा उरेल?’ हे सहसा कुणी विचारत नाही. आपल्या रस्त्यांवर सगळा खेळ त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे, आणि खालच्या बऱ्याच उत्तरांत तोच डोकावेल.

कॉइलओव्हर म्हणजे नेमकं काय? माझ्या गाडीच्या शॉकअपवर स्प्रिंग आधीपासून आहेच की.

बरोबर आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत कंपनीच्या शॉकअपवरच स्प्रिंग बसलेली असते. कॉइलओव्हर किटमध्ये शॉकअपच्या अंगावर बाहेरून आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंग ज्या रिंगवर बसते ती त्या आट्यांवरून वर-खाली फिरते. त्यामुळे उंची बदलता येते. महागड्या किटमध्ये याशिवाय ऑइलचा प्रवाह कमी-जास्त करणारा नॉब येतो. काही किटमध्ये कॅम्बर, म्हणजे समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल, बदलण्याची प्लेटही असते.

गोंधळ असा होतो की ‘अ‍ॅडजस्टेबल’ म्हटलं की लोक हे सगळं मिळणार असं धरून चालतात. बिलस्टाइन बी14 आणि केडब्ल्यू व्हेरियंट 1 मध्ये फक्त उंची बदलते. व्हेरियंट 2 मध्ये रिबाउंड (शॉकअप उघडताना होणारा विरोध), तर व्हेरियंट 3 मध्ये रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) दोन्ही वेगवेगळे बदलता येतात. बिलस्टाइन बी16 चा एकच नॉब दोन्ही एकदम बदलतो. पैसे देण्याआधी नॉब किती आणि ते काय काय बदलतात, एवढं तरी विचारा.

मला हे खरंच लागतं का?

आधी गाडी जॅकवर घ्या. लोअर आर्मचे (चाक खालून चॅसीला जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, लिंक रॉड, टॉप माउंट (शॉकअप वर बॉडीला जोडणारा भाग), बॉल जॉइंट हाताने हलवून बघा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर दगड झाला असेल तर जगातलं कुठलंही सस्पेन्शन त्याला पकड आणून देणार नाही. सेकंड-हँड झेड4, 370झेड किंवा पोलो जीटीआय घेतलेल्या बऱ्याच जणांना ‘गाडी ढिली वाटते’ असं वाटतं. त्यातल्या पुष्कळ गाड्या नव्या बुशवर, कंपनीच्याच नव्या शॉकअपवर आणि बऱ्या टायरवर एकदम सरळ होतात.

केवळ दिसण्यासाठी गाडी खाली घ्यायची असेल तरी हरकत नाही, गाडी तुमची आहे. पण मग महाग डॅम्परवर, म्हणजे शॉकअपवर, पैसे घालू नका. ट्रॅकवर जाणार असाल, कंपनीचे शॉकअप गेलेलेच असतील किंवा गाडी वळणावर तुमच्या मानाने फारच झुकत असेल, तर पुढे वाचा.

स्प्रिंग किती कडक घ्यावी? एकाने 8 किलो सांगितली, दुसऱ्याने 5.

स्प्रिंगचा आकडा किलो प्रति मिलिमीटरमध्ये असतो. 5 ची स्प्रिंग म्हणजे 5 किलो वजनाला 1 मिलिमीटर दबणारी. अमेरिकन किटवर पाउंड प्रति इंच छापलेलं असतं, त्याला 56 ने भागलं की आपला आकडा मिळतो. पण नुसता आकडा सांगणं म्हणजे उंची न सांगता पँटची कंबर सांगण्यासारखं आहे. वजन आणि आर्मची भूमिती कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

एक हिशोब करून बघू. समजा एका पुढच्या चाकावर 320 किलो भार आहे. चाक, ब्रेक, हब वगैरेचे 40 किलो स्प्रिंगवर येत नाहीत, म्हणजे उरले 280. आता गाडी त्या स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा डोलेल, ही खरी तुलना करायची गोष्ट. घरगुती गाड्या साधारण 1 ते 1.5 हर्ट्झला असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार 1.5 ते 2 च्या दरम्यान, आणि पंख-बिंख नसलेल्या ट्रॅकच्या गाड्या 2 ते 2.5 पर्यंत. आपल्या 280 किलोला 1.7 हर्ट्झ हवं असेल तर चाकापाशी साधारण 3.3 किलोचा कडकपणा लागतो, 2 हर्ट्झला साधारण 4.5.

‘चाकापाशी’ हा शब्द महत्त्वाचा. चाक 10 मिलिमीटर वर गेलं म्हणजे स्प्रिंग 10 मिलिमीटर दबते असं नाही. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये ती साधारण साडेनऊ दबते, मल्टिलिंकमध्ये मागे कधी कधी फक्त सात. या गुणोत्तराचा वर्ग करून चाकापाशीच्या आकड्याला त्याने भागायचं. 0.95 चा वर्ग 0.9, म्हणून पुढे 2 हर्ट्झसाठी 5 किलोची स्प्रिंग पुरते. 0.7 चा वर्ग 0.49, म्हणून तेवढ्याच भाराला मागे 9 किलोच्या पुढची लागते. किटवर मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा जवळपास दुप्पट कडक छापलेली दिसली तर ‘चुकीची पाठवली’ म्हणून भांडायला जाऊ नका. आधी गुणोत्तर बघा.

उलट तपासणीचीही युक्ती आहे. गाडीच्या वजनाने चाकापाशी स्प्रिंग जितके मिलिमीटर दबलेली आहे त्याचं वर्गमूळ काढा आणि 15.8 ला त्याने भागा. येईल तो आकडा हर्ट्झमध्ये. 62 मिलिमीटर दबलेली असेल तर 2 हर्ट्झ.

मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जास्त हर्ट्झवर ठेवण्याची रीत जुनी आहे. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी 1930 च्या दशकात ती मांडली. अडीच मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांतल्या अंतराची) गाडी 80 च्या वेगात असेल तर पुढच्या चाकाला बसलेला धक्का मागच्या चाकाला सेकंदाच्या नवव्या हिश्श्याने उशिरा बसतो. मागचा भाग थोडा चपळ असला की तो पुढच्याला गाठतो आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलत नाही.

साताऱ्यात रोज चालवायची गाडी असेल तर आमचं मत 1.6 ते 1.8 हर्ट्झ. 2 च्या वर गेलात की पोवई नाक्यावरून घरी जाईपर्यंत कंबर तक्रार करायला लागेल, आणि घाटातल्या खडबडीत वळणावर टायर रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारेल. कडक म्हणजे वेगवान, हे गुळगुळीत ट्रॅकवर खरं. आपल्याकडे नाही.

मग गाडी खाली किती घ्यावी?

कमीत कमी. आकडाच हवा असेल तर मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत 15 ते 25 मिलिमीटरवर थांबा.

कारण असं. समोरून वाकून लोअर आर्म बघा. चॅसीकडचं टोक वर आणि चाकाकडचं खाली असा उतार दिसला पाहिजे. गाडी खाली घेत गेलं की तो आर्म आडवा होतो, मग उलटा चढायला लागतो. तिथून पुढे चाक वर जाताना कॅम्बर वाढण्याऐवजी घटायला लागतो, आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली जातो. म्हणजे गाडी बसकी दिसते, पण वळणावर कलण्याची तिची ओढ आधीपेक्षा वाढते. मग ते झाकायला आणखी कडक स्प्रिंग, मग आणखी कडक डॅम्पर. टाय रॉडचा (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांडीचा) कोनही बिघडतो, आणि खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग न हलवता गाडी स्वतःच वळायला बघते.

दुसरं कारण स्ट्रोक. चाकाला वर जायला समजा 70 मिलिमीटर जागा होती. 40 ने गाडी खाली घेतली की उरले 30. हे 30 संपले की शॉकअप बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आदळतो आणि त्या क्षणी तुमची स्प्रिंग 5 किलोची राहत नाही, एकदम कित्येक पटीने कडक होते. वळणात असं झालं तर त्या चाकाची पकड तिथल्या तिथे सुटते. ‘कॉइलओव्हर टाकल्यापासून गाडी घाबरवते’ म्हणणाऱ्यांच्या गाड्या आम्ही बघतो तेव्हा बंप स्टॉप चुरगळलेला किंवा फुटलेला निघतो.

खाली जायलाही जागा लागते. कासच्या रस्त्यावर समोरून एसटी आली की डावी चाकं डांबरावरून साइडपट्टीवर उतरतात. तो खड्डा हातभर नसला तरी चाक झपकन खाली जातं, आणि शॉकअप पुरता ताणला गेला असेल तर खण्णकन आवाज येऊन टॉप माउंटवर सगळा झटका बसतो.

किती स्ट्रोक वापरला जातो हे बघायची सोपी सोय: शॉकअपच्या चकचकीत रॉडवर एक बारीक केबल टाय सैलसर बांधा आणि खाली सरकवून ठेवा. नेहमीचा रस्ता फिरून या. टाय जिथे जाऊन थांबला तिथपर्यंत शॉकअप दबला. बंप स्टॉपला टाय चिकटलेला दिसला तर गाडी वर घ्या, नॉबचे क्लिक फिरवत बसू नका. उलट्या बसवलेल्या मोनोट्यूबमध्ये रॉड दिसत नाही, तिथे ही युक्ती चालत नाही.

स्पीडब्रेकरवर घासेल का?

कुठल्या स्पीडब्रेकरवर, यावर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल स्पीडब्रेकर 17 मीटर त्रिज्येचा, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर पूर्ण मावते, दोन्ही चाकं उंचवट्यावरच असतात, आणि मधोमध उंचवटा चाकांच्या रेषेपेक्षा जेमतेम 46 मिलिमीटर वर येतो. तुमची गाडी 110 मिलिमीटरवर असली तरी हळू गेल्यास आरामात जाते.

खरा शत्रू म्हणजे गावाच्या वेशीवर रातोरात उठलेला अरुंद, उभट डांबराचा ढीग. त्याच्या एका बाजूला पुढची चाकं आणि दुसऱ्या बाजूला मागची अशी गाडी येते, आणि त्याची पूर्ण उंची पोटाखालून न्यावी लागते. तिथे इंजिनखालचा ऑइल चेंबर फुटतो. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्याला पाडलेल्या चाकोऱ्यांचंही तसंच, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. रोजच्या वाटेवर असं काही असेल तर त्याची उंची एकदा टेपने मोजा आणि गाडीची उंची त्यावरून ठरवा, फोटोवरून नको.

रिंग फिरवून स्प्रिंग आवळली की ती कडक होते ना?

नाही. हा गैरसमज मिस्त्रींमध्येही आहे. सरळ स्प्रिंग 5 किलोची असेल तर ती 5 चीच राहते. 280 किलो भार थेट तिच्यावर आला तर ती एकूण 56 मिलिमीटरच दबणार. तुम्ही आधीच 10 मिलिमीटर आवळून ठेवली तर गाडी आल्यावर उरलेले 46 दबेल, म्हणजे गाडी 10 मिलिमीटर उंच उभी राहील. कडकपणा तोच. फक्त चाकाला खाली जायची जागा 10 मिलिमीटरने कमी झाली.

ज्या किटमध्ये खालचं ब्रॅकेट वेगळं फिरतं तिथे उंची त्या ब्रॅकेटने बदला आणि स्प्रिंगला हात लावू नका. त्यात स्ट्रोक जसाच्या तसा राहतो, हा त्या रचनेचा मोठा फायदा. मात्र गाडी खाली घेतल्यावर बंप स्टॉप लागायच्या आधी टायर फेंडरच्या आतल्या बाजूला लागत नाही ना, हे स्प्रिंग काढून चाक हाताने पूर्ण वर नेऊन बघावंच लागतं.

मोनोट्यूब चांगला की ट्विन-ट्यूब?

दोन्ही चांगले बनतात आणि दोन्ही वाईटही. मोनोट्यूबमध्ये उच्च दाबाचा गॅस पिस्टनने ऑइलपासून वेगळा केलेला असतो, त्यामुळे ऑइलमध्ये फेस होत नाही आणि उष्णता थेट बाहेर जाते. बिलस्टाइनने असे शॉकअप 1957 मध्ये मर्सिडीजला द्यायला सुरुवात केली. ट्विन-ट्यूबच्या बाहेरच्या नळीला दगड लागून खोच पडली तरी आतला पिस्टन सहसा चालत राहतो. मोनोट्यूबला तशी खोच पडली तर तो गेला. खडीच्या रस्त्यावर जाणं-येणं असेल तर हे लक्षात असू द्या.

वन-वे, टू-वे, थ्री-वे यांत फरक काय? जास्त नॉब म्हणजे जास्त चांगलं का?

रिबाउंड म्हणजे शॉकअप उघडताना होणारा विरोध, कॉम्प्रेशन म्हणजे दबताना होणारा. वन-वेमध्ये एकच नॉब असतो, कुठल्या किटमध्ये तो फक्त रिबाउंड बदलतो, कुठे दोन्ही थोडे थोडे. टू-वेमध्ये दोन्ही वेगळे. थ्री-वेमध्ये कॉम्प्रेशनचे पुन्हा दोन भाग होतात, लो-स्पीड आणि हाय-स्पीड.

हा ‘स्पीड’ गाडीचा नाही, पिस्टनचा. महामार्गावर 100 ने जाताना लेन बदलली तर गाडी संथ झुकते, पिस्टन हळू हलतो: लो-स्पीड. त्याच गाडीने गल्लीत 20 च्या वेगाने खड्ड्याची धार पकडली तर पिस्टन झटक्यात हलतो: हाय-स्पीड. खंबाटकी चढताना वळणात गाडी झुकणं, ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं हे लो-स्पीडचं काम. पुलाचा सांधा, खड्डा, रम्बलरच्या पट्ट्या हे हाय-स्पीडचं. म्हणून आपल्या रस्त्यांसाठी चांगला डॅम्पर तो, जो हळू हालचालीला घट्ट धरतो आणि झटक्याला सोडून देतो. ही करामत बऱ्याच अंशी आतल्या व्हॉल्व्हच्या पातळ चकत्यांची असते, नॉबची कमी.

नॉब वाढले की चुकायच्या जागाही वाढतात. चार चाकांना थ्री-वे म्हणजे 12 नॉब. नोंदवही ठेवणारा, एका वेळी एकच गोष्ट बदलणारा माणूस असेल तर ठीक. बाकीच्यांनी चांगला वन-वे घ्यावा आणि उरलेल्या पैशांत टायर घ्यावेत. स्वस्तातला थ्री-वे तर घेऊच नका. त्यातले काही नॉब नुसते फिरतात, त्यांनी बदलत काहीच नाही.

बसवताना कशाकडे लक्ष ठेवू?

एक गोष्ट अशी आहे की ती समोर उभं राहून करून घ्याच. लोअर आर्मच्या रबरी बुशमधून जाणारे बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लटकत असताना शेवटचे आवळू नका. बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि रबर त्या स्थितीत चिकटून राहतं. मग गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी तिच्या खऱ्या उंचीवर बसत नाही, आणि काही महिन्यांत बुशला चिरा पडतात. चाकं जमिनीवर, किंवा रॅम्पवर गाडीचा भार चाकांवर आल्यावर, मग टॉर्क रेंचने आवळायचे. उंची पुन्हा बदलली तर ते बोल्ट सैल करून पुन्हा आवळायचे. नुसत्या उंचीच्या कामासाठी आलेल्या एका गाडीला आम्ही एवढंच केलं तर पुढची बाजू डावी-उजवी सारखी झाली, रिंगला हात लावावा लागला नाही.

बाकी: जुन्या स्ट्रटची स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय उघडू देऊ नका, ती माणूस जायबंदी करू शकते. टॉप नट इम्पॅक्ट गनने आवळताना रॉड गरागरा फिरला तर आतलं सील जखमी होतं. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून कुठे ताणला जात नाही ना, बघा. उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरमधल्या हवेचा फरक मध्ये येत नाही.

क्लिक कसे लावायचे? सुरुवात कुठून?

आधी हवा. टायर थंड असताना चारही चाकांची हवा तपासा. 3 पीएसआय इकडे-तिकडे असेल तर तेवढ्यानेच गाडी वेगळी वागते आणि तुम्ही नॉबला दोष देत बसता.

मग नॉब घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा. पाना लावून जोर करू नका, आतली सुई आणि तिची बैठक नाजूक असते. तिथून उलट फिरवत क्लिक मोजा. बंद टोक पक्कं असतं, उघडं टोक प्रत्येक नॉबचं वेगळं असू शकतं, म्हणून मोजणी कायम बंद बाजूने. डावा-उजवा सारखा ठेवा. सुरुवात किटबरोबर आलेल्या कागदावर सांगितलेल्या जागेपासून, कागद नसेल तर मधोमध.

आता एक ठरावीक रस्ता निवडा. त्यात एक पुलाचा सांधा, एक नीट बांधलेला स्पीडब्रेकर, थोडा खडबडीत तुकडा आणि एक लांब वळण असावं. वेग कायद्यातला, आणि दर वेळी तोच. यवतेश्वर किंवा पसरणी घाटात जोरात चालवून ट्यूनिंग करायचं डोक्यात असेल तर काढून टाका. वळणापलीकडे उभी राहून फोटो काढणारी माणसं, म्हशी, दुचाक्या यांना तुमच्या क्लिकशी देणंघेणं नाही. जोरात चालवूनच बघायचं असेल तर कोइम्बतूरचा 2.1 किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईचा ट्रॅक आहे. लांब पडतात खरे, पण त्यासाठीच बांधलेत.

दोन-दोन, तीन-तीन क्लिक बदला. एकाने माणसाला कळत नाही, निदान सुरुवातीला. प्रत्येक वेळी लिहून ठेवा.

रिबाउंड कमी असेल तर स्पीडब्रेकर उतरल्यावर गाडी वर उसळते, मग पुन्हा खाली, पुन्हा वर. एकदा वर येऊन जागेवर बसली पाहिजे. रिबाउंड जास्त असेल तर लक्षण फसवं असतं. वळणाआधीच्या रम्बलरच्या पट्ट्यांवर पहिली पट्टी ठीक जाते, पण पुढच्या प्रत्येक पट्टीला गाडी जास्त ठणकते. कारण दबलेली स्प्रिंग पुन्हा उघडायच्या आत पुढची पट्टी येते, गाडी पायरीपायरीने खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर टेकते. चालकाला वाटतं कॉम्प्रेशन कडक झालं. तो ते कमी करतो आणि आणखी बिघडवतो. पहिली पट्टी आणि शेवटची पट्टी यांत फरक जाणवला तर रिबाउंड दोन क्लिक सोडा.

कॉम्प्रेशन जास्त असेल तर पहिलाच धक्का तीक्ष्ण लागतो, टायर खडीवर तडतडतो. कमी असेल तर ब्रेक मारल्यावर नाक झपकन खाली जातं. कॉम्प्रेशन वेगळं बदलता येत असेल तर रिबाउंड सैल ठेवून आधी कॉम्प्रेशन वाढवत जा, बोचायला लागलं की दोन क्लिक मागे या, मग रिबाउंड लावा.

आणि स्प्रिंग बदलली असेल तर जुने आकडे विसरा. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर तेवढाच ताबा ठेवायला डॅम्पिंग साधारण 1.4 पट लागतं.

वळणात गाडीचं नाक बाहेर जातं. कुठले क्लिक फिरवू?

वळणाच्या कुठल्या टप्प्यावर, ते आधी सांगा. डॅम्पर फक्त हलत असतानाच काम करतो. स्टिअरिंग वळवताना, ब्रेक सोडताना, अ‍ॅक्सिलरेटर देताना वजन इकडून तिकडे जातं, तेवढाच वेळ त्याचा. गाडी एकदा झुकून स्थिर झाली, लांब वळणात एकाच कोनात धरून चालली आहे आणि तेव्हा नाक बाहेर जातंय, तर क्लिक फिरवून काही हाताला लागणार नाही. ते काम टायर, कॅम्बर, स्प्रिंग आणि अँटी-रोल बारचं (वळणात गाडीचं झुकणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याचं). पुढचा कॅम्बर वाढवा, किंवा मागचा बार एक छिद्र कडक करा.

वळणात शिरतानाच नाक ऐकत नसेल तर पुढचं कॉम्प्रेशन थोडं कमी करून बघा. बाहेर पडताना पॉवर दिल्यावर मागचा भाग सुटत असेल, विशेषतः रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये, तर मागचं कॉम्प्रेशन सोडा म्हणजे मागचे टायर रस्ता धरतील. पाऊस असेल तर पुढे-मागे सगळंच दोन-तीन क्लिक सैल. ओल्या रस्त्यावर वजन हळू सरकलेलं बरं.

उंची बदलल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं?

हो, दर वेळी. उंची बदलली की टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतोच, आणि चुकीचा टो हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये टायरची आतली कड खाऊन टाकतो. वरून टायर नवा दिसतो, म्हणून हाताने आतून चाचपा. रस्त्यावरच्या वापराला पुढे उणे 1.5 अंशाच्या आसपास कॅम्बर आणि जवळपास शून्य टो पुरतो. मागे थोडा टो-इन (चाकांची पुढची कड किंचित आत) ठेवा.

कॉर्नर वेट (चारही चाकांवरचा भार वेगवेगळा मोजून जुळवणं) करायचं असेल तर चालकाच्या वजनाएवढी पोती उजव्या सीटवर ठेवा. परदेशी व्हिडिओ बघून डावीकडे ठेवणारे भेटलेत. अँटी-रोल बारच्या लिंक सोडवून मगच वजन करायचं, नाहीतर बार स्वतःच एक कोपरा उचलून धरतो. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांची, म्हणजे पुढचा उजवा अधिक मागचा डावा, बेरीज एकूण वजनाच्या 50 टक्क्यांच्या जवळ आली की झालं. रस्त्यावरच्या गाडीला यात अर्ध्या टक्क्यासाठी दिवस घालवू नका.

पुढून कट्-कट् आवाज येतो.

पिलोबॉल (रबराऐवजी धातूच्या गोळ्यावर फिरणारा) टॉप माउंट असेल तर थोडा आवाज त्याचा स्वभाव आहे, रबर नाही म्हटल्यावर. स्टिअरिंग फिरवताना टण्ण करून स्प्रिंग सरकत असेल तर बेअरिंग किंवा स्प्रिंगची बैठक बघा. खड्ड्यावर टक्-टक् येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड किंवा सैल राहिलेली लॉक रिंग. चाक लटकल्यावर स्प्रिंग हाताने हलत असेल तर हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंगला जागेवर धरणारी छोटी मऊ स्प्रिंग) लागते.

आपल्याकडच्या पावसात टिकेल का?

काळजी घेतली तर. महाबळेश्वर, कास, बामणोलीकडची लाल माती आट्यांत बसते, वाळते आणि रिंग जाम करते. पावसाळ्याआधी आटे ब्रशने स्वच्छ करून ग्रीस नव्हे, अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. ग्रीसला माती चिकटते. पाऊस संपल्यावर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. सर्व्हिस सेंटरमधला प्रेशर वॉशर रॉडच्या सीलवर थेट मारू देऊ नका. उंची बदलायची नसली तरी वर्षातून एकदा रिंग फिरवून परत जागेवर आणा, म्हणजे जाम होत नाही. केडब्ल्यूच्या काही किटची बॉडी स्टेनलेस स्टीलची असते, घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी तिचा विचार जरूर करावा.

आरटीओ अडवेल का? विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरच्या, कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचलं. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एमएच-11 असो की एमएच-50, किट घेण्याआधी आपल्या आरटीओत विचारणं शहाणपणाचं. जर्मन टीयूव्ही या तपासणी संस्थेचा कागद हा इथला परवाना नव्हे. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. कळवला नाही आणि अपघात झाला, तर दावा नाकारायला त्यांच्या हातात आयतं कारण येतं.

गाडीत कंपनीचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आहे. तरी काढू?

आमचा सल्ला: शक्यतो नको. पोर्शचं पीएएसएम किंवा बीएमडब्ल्यूचं अ‍ॅडॅप्टिव्ह एम आपल्या मिश्र रस्त्यांवर हाताने फिरवायच्या नॉबपेक्षा जास्त कामाचं आहे, कारण ते चालता चालता बदलतं. काढलंत तर डॅशवर वॉर्निंग येते आणि ती बंद करायला वेगळं मॉड्यूल लावावं लागतं. फारच वाटलं तर त्याच डॅम्परवर बसणारी, उंची बदलणारी स्प्रिंग किट मिळते. तिच्यातही 20 मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका.

सेकंड-हँड किट स्वस्तात मिळतंय.

रॉडवर ओरखडे आहेत का, सीलपाशी ऑइलची ओल आहे का, रिंगा मोकळ्या फिरतात का, चारही नॉबचे क्लिक मोजता येतात का, एवढं बघा. गॅसचा मोनोट्यूब हाताने दाबून सोडला की रॉड आपोआप पूर्ण बाहेर यायला हवा. कुठे अडखळला किंवा मध्येच ढिला पडला तर सोडून द्या. त्याचे सुटे भाग मिळतात का आणि तो उघडून दुरुस्त करता येतो का, हे विकणाऱ्याला नाही, कंपनीच्या वितरकाला विचारा. आणि किट नेमकं तुमच्याच मॉडेलचं हवं. ‘थोडं ब्रॅकेट घासलं की बसतं’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

काढलेले मूळ शॉकअप भंगारात देऊ का?

अजिबात नाही. स्प्रिंग, टॉप माउंट, बंप स्टॉप, नट-बोल्ट सगळं एकत्र, कुठल्या बाजूचं ते मार्करने लिहून, उभं ठेवा. ट्विन-ट्यूब आडवे पडून राहिले तर आतली हवा चुकीच्या जागी जाते. बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-सोडा. गाडी विकताना, आरटीओत न्यायची वेळ आली तेव्हा किंवा किट दुरुस्तीला गेल्यावर महिनाभर गाडी चालवायला तेच कामाला येतात.